पडल्यावर कुणाकडं जातंय ते बघ

काका,

तुमच्या दहाव्याला घरात माणूस मावत नव्हता. पलूस आणि आसपासच्या गावांतल्या दोन पिढ्यांना तुम्ही लस टोचलीत, तेव्हा ती गर्दी होणारच होती. सोप्यात सतरंज्या, अंगणात मांडववाल्याच्या खुर्च्या, आणि या सगळ्यांमधून तुमची नात फिरत होती. सईला अजून दोन वर्षं पूर्ण व्हायची आहेत. एका बाईनं हात पुढे केले, सई गेली. त्या बाईच्या मांडीवरून साखर कारखान्यातल्या कुणा साहेबांच्या कडेवर गेली, तिथून एका म्हातारबांच्या काखेत. ही माणसं तिनं कधी पाहिलेली नव्हती. कुणाकडे जाताना ती थबकली नाही आणि कुणाकडून उतरताना तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"काय गुणाचं पोर हाय ओ! रडणं न्हाई, हट्ट न्हाई."

"डॉक्टरांच्या वळणावर गेलंय. लय माणसाळू."

सईची आई, मनीषा, चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सई तिच्या पदराला घासून पुढे गेली. दोघींपैकी कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही.

मी तुमच्यासाठी रडायला आले होते. त्याऐवजी भिंतीला टेकून एका मुलीचं निरीक्षण करत बसले, आणि मला तुमचा राग येत होता. दहाव्याच्या दिवशी गेलेल्या माणसाचा राग येणं वाईट दिसतं, हे मला कळतं. पण तुमच्याबद्दल जे चांगलं बोलायचं ते त्या दिवशी उभं राहिलेल्या प्रत्येकानं बोलून टाकलं, आणि ते सगळं खरं होतं. माझ्या वाट्याला उरलं ते मी लिहिते आहे.

लिहिण्याआधी मनीषाला विचारलं. ती म्हणाली, "नावं बदला. बाकीचं ऱ्हाऊ दे. आमच्याकडं अशा लय जणी हायत." तेव्हा नावं बदलली आहेत. तुम्हाला खरी ठाऊकच आहेत.

मी नववीत असताना तुम्ही कुंडलला आमच्या घरी आला होतात, माझ्या तान्ह्या चुलत भावाला बघायला. मला जवळ बोलावून माझं बोट तुम्ही त्याच्या टाळूवर ठेवलंत. "ए बायडे, काय धडधडतंय?" मी म्हणाले, मेंदू. "मेंदू धडधडत न्हाई, रक्त धडधडतंय. पण इथलं हाड अजून का मिटलं न्हाई?" मला सांगता आलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाहीत. शोध काढ म्हणालात. पुढच्या वेळी मी अभिमानानं सांगितलं, की मेंदूला अजून वाढायचं असतं, म्हणून. "मग वाढायला त्याला काय लागतं?" मी म्हणाले, दूध. तुम्ही इतके हसलात की बाळ दचकून रडायला लागलं.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझी पुढची सगळी वर्षं गेली. शास्त्र शाखा, मग मानसशास्त्र, मग बंगळूरला जाऊन तान्ह्या आणि रांगत्या मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण. घरचे म्हणत होते अमेरिकेला जा. मी सांगलीत परत आले आणि उत्तर घेऊन तुमच्याकडे आले. तेव्हा कळलं की प्रश्न तुमचा होता, पण उत्तर तुम्हाला नको होतं.

"तान्ह्या पोराला कसलं गं टेन्शन? ऊसतोडीची टोळी आली न्हाई म्हणून?"

हे तुमचं पहिलं वाक्य. तरीही दवाखान्यातली मागची खोली तुम्ही मला शनिवारी दुपारी दिलीत, आणि बायांना माझी ओळख करून देताना गंभीर चेहऱ्यानं सांगायचात, "ह्या मॅडम. सांगलीस्नं येत्यात. ह्या बाळाशी बोलत्यात, बाळ ह्यांच्याशी बोलतंय. मी मधे पडत न्हाई." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसायची. तुमच्या चेष्टेत दुष्टपणा नसायचा, हे आज मान्य करणं मला जड जातं, पण तसंच होतं.

मी तुम्हाला पुन्हा पुन्हा समजावलं. बाळाला प्रश्न विचारत नाहीत, काका. बाळ आणि त्याचं माणूस यांना एकत्र बसवून पाहतात. पाजताना ती दोघं एकमेकांकडे बघतात का, रडल्यावर ते कुणाच्या हातात शांत होतं, झोप कशी आहे, नवं माणूस आलं की ते आईच्या मागे दडतं का, आई दिसेनाशी झाली की शोधतं का. आधी कान तपासायचे, डोळे, थायरॉइड, वजन, ताप. शरीराचं कारण सापडलं तर मनाचं शोधायला जायचं नाही. आणि फार रडणारं बाळ जेवढं काळजीचं, तेवढंच मुळीच न रडणारंही.

तुम्ही म्हणालात, "न रडणारं पोर घेऊन कोण माझ्याकडं येतंय? त्येला घेऊन समदी मिरवत्यात."

"तोच तर घोटाळा आहे," मी म्हणाले.

एका वादात मात्र तुम्ही मला पुरतं हरवलंत. बंगळूरहून आणलेल्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता: मूल आईला कोणत्या नावानं हाक मारतं? ते आईला 'आई' किंवा 'मम्मी' म्हणत नसेल तर मी समोर खूण करायची. महिनाभरात खुणांचा ढीग झाला. एकत्र घरांतली मुलं आईला वहिनी म्हणत होती, मामी म्हणत होती, एक तर आईला सरळ 'सुरेखा' म्हणत होता आणि आजीला आई. मी चिंताग्रस्त होऊन तुमच्याकडे आले. तुम्ही तपासणी थांबवलीत, चष्मा काढलात आणि डोळ्यांत पाणी येईतो हसलात.

"मॅडम, मी माझ्या आईला ती मरंपर्यंत वैनी म्हणत होतो. घरातली दीर-नणंदा वैनी म्हणायची, म्हणून मीबी. तिला जाळलं तवाबी वैनी म्हणूनच रडलो. आता मला कुठल्या खान्यात टाकतीस, टाक."

तुम्ही चष्मा पुसत पुढे म्हणालात, "नाव सोड, बायडे. पोर पडल्यावर कुणाकडं जातंय ते बघ."

ते वाक्य मी तिथेच उचललं. बंगळूरची प्रश्नावली त्यानंतर मी इथे तशी वापरली नाही. कुठल्याही बाईला आता मी हे विचारते: बाळ पडलं, लागलं, तर कुणाकडे धावतं? या प्रश्नाला कुणीही अडखळत नाही. आजीकडं, मॅडम. बापाकडं, आईकडं गेलं तर धपाटा बसतो म्हणून. थोरल्या बहिणीकडं. ज्या मुलाला असं एक माणूस आहे, ते कुणीही असो, त्या मुलाची मला चिंता नसते. घरात दहा हात असणं वाईट नाही. त्या दहांत मुलानं आपले दोन ओळखलेले हवेत. हे मी आता व्याख्यानांत सांगते आणि तुमचं नाव घेते. यापुढेही घेईन. ऋण ते ऋण.

आता सई.

सई झाली तेव्हा तुमचा मुलगा संग्राम त्याच्या पलटणीबरोबर सीमेवर होता. मनीषा बाळाकडे पाहत नव्हती. पाजायला दिलं तर पाजायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. जेवत नव्हती, बोलत नव्हती, एकदा काकूंना म्हणाली, "हिला दुसऱ्या कुणाला तरी द्या, माझ्याजवळ ही जगायची न्हाई." असं बोलणारी बाई तुमच्या दवाखान्यात आली असती तर तुम्ही त्याच दिवशी तिला सांगलीला मानसोपचारांसाठी पाठवलं असतंत. तुम्ही पाठवलेल्या अशा बायांशी मी बोललेली आहे; त्या तुम्हाला दुवा देतात. तुमच्या सुनेला तुम्ही टॉनिक लिहून दिलंत आणि आटपाडीला माहेरी पाठवलंत. 'विश्रांतीला', असं सगळ्यांना सांगितलंत. बाळ ठेवून घेतलंत, कारण आटपाडीच्या उन्हात तान्हं पोर कशाला, आणि आपलं पोर आपल्या घरात बरं.

मी तेव्हाही बोलले होते. तुम्ही म्हणालात, "घरातलं हाय, बायडे. घरातलं घरात बघू." तुमच्या तोंडून तोवर मी हे वाक्य फक्त चेष्टेत ऐकलं होतं, पेशंटच्या नातेवाइकांची नक्कल करताना.

मग सईला एकेक जण सांभाळत गेलं. आत्या पुण्याहून आली, जीव लावला, रजा संपली, गेली. एक मुलगी ठेवली. सई तिच्या केसांत बोटं घालून झोपायची. त्या मुलीचं लग्न झालं. शेजारच्या काकींनी काही दिवस पाहिलं. काकूंनी पाहिलं, पण स्वयंपाक, दवाखान्याची माणसं आणि गुडघे सांभाळून. जी कुणी जवळ आली तिनं माया केली आणि जी कुणी आली ती गेली. मनीषा परत आली तेव्हा सई पावलं टाकत होती आणि सणासुदीला येणाऱ्या आत्याचं ऐकून तिला 'वैनी' म्हणायला शिकली. वैनी या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

आणि मग तो दिवस. औषध कंपनीचा एक प्रतिनिधी, टाय लावलेला, भली मोठी बॅग घेऊन तुमच्या घरच्या ओट्यावर उभा होता. तुम्ही त्याची फिरकी घेत होतात की हा टाय उसाच्या पाचटात अडकला तर काय करशील. मी पायरीवर चहा पीत होते. सई उंबऱ्याला अडखळून तोंडावर आपटली. ओठ फुटला, रक्त आलं. मनीषा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. काकू दारात होत्या. तुम्ही खुर्चीत. सईनं आवाज केला नाही. ती उठली, जवळात जवळ जे पाय होते त्यांच्याकडे गेली आणि त्या प्रतिनिधीच्या पँटला धरून उभी राहिली. रक्त त्याच्या पँटला लागलं. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "अरे अरे, बाळा, मी कोण तुझा?"

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे आधीच पाहत होतात.

तेवढंच. मग तुम्ही मोठ्यानं म्हणालात, "बघा, रडली का? फौजीची पोरगी हाय!" सगळे हसले, मनीषासुद्धा. काकूंनी सईला आत नेलं. तुम्ही त्या माणसाला पँट धुवायला पाणी देववलंत. माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाहीत.

माझा राग या क्षणाचा आहे, काका. तुम्हाला कळलं नसतं तर मी आज वेगळं लिहिलं असतं. जुन्या पिढीचे डॉक्टर, त्यांच्या अभ्यासक्रमात हे नव्हतं, वगैरे. कसोटी तुमची होती. ती तुमच्या समोर लागली आणि तुम्ही निकाल वाचलात.

त्यानंतर साताऱ्याची ती बैठक झाली. बालरोगतज्ज्ञांपुढे मला बोलायला मिळावं म्हणून तुम्ही तिथल्या लोकांच्या मागे लागला होतात, हे मला नंतर कळलं. पहिल्या रांगेत बसून तुम्ही ऐकलंत, आणि शेवटी एकानं "पण हे पाश्चात्त्य खूळ नाही का?" असं विचारल्यावर माझ्याआधी तुम्हीच त्याला उत्तर दिलंत. त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला की ओठ फुटलेली ती दुपार मी बाजूला ठेवली. परत येताना कराडच्या अलीकडे चहाला थांबलो. तुम्ही बशीत चहा ओतलात, पण प्यायला नाहीत.

"समज, एक पोर हाय. कुणाकडंबी जातंय. कुणी घेतलं तरी चालतंय, कुणी ठेवलं तरी चालतंय. पुढं काय हुतं त्येचं?"

मी पुस्तकातल्यासारखं सांगितलं. सगळ्यांचंच वाईट होतं असं नाही. पण काही मुलं मोठी झाल्यावरही कुणाच्याही मागे जातात, आणि खरी जवळीक त्यांना जमत नाही. दुखलं तर सांगत नाहीत, कारण सांगून कुणी येतं हे ती शिकलेलीच नसतात. तुम्ही विचारलंत, उपाय? मी म्हणाले, लवकर आणलं तर पुष्कळ. एक माणूस ठरवायचं, त्यानं भरवायचं, न्हाऊ घालायचं, जवळ निजवायचं, आणि जायचं झालं तर सांगून जायचं, सांगितलेल्या वेळेला परत यायचं. त्या माणसाचं स्वतःचं मन आजारी असेल तर त्याच्यावर आधी उपचार.

मग मी म्हणाले, "काका, सईला घेऊन या."

"तुला आता समद्या पोरांत त्येच दिसतंय." चहावर साय धरली होती. ती तुम्ही बोटानं काढलीत. गाडी तासगावकडे वळल्यावर म्हणालात, "संग्राम सुट्टीवर आला की बघू."

"कधी येणार तो?"

"बघू म्हणलं न्हवं?"

संग्राम सुट्टीवर आला. तुमच्या मातीला आला.

विधी आटोपल्यावर मी त्याच्याशी बोलले. तो थकलेला होता, तरी नीट ऐकून घेतलं. "ताई, बाबांनी चेक केलंवतं. ऑल ओके म्हणाले होते. आता त्यांच्यामागं आपण डाउट काढायचा, बरोबर दिसतं का?" काकू तेवढ्याही नरम नव्हत्या. "ह्यांनी बघितलंय तिला. ह्यांच्यापेक्षा तू मोठी झालीस का? हे असते तर बोलली असतीस का अशी?"

बोलले असते, काकू. बोलतच होते. पण हे त्यांना कसं सांगायचं?

माझी अडचण तुम्हाला कळते का? तुम्ही असतात तर मी तुमच्याशी भांडले असते. 'वैनी'वरून तुम्ही मला बदललंत, तसं सईवरून मी तुम्हाला बदललं असतं. निम्मे तर तुम्ही कराडलाच बदलला होतात. आता 'पोरगी ठणठणीत हाय' हे तुमचं वाक्य त्या घरात कायमचं झालं आहे. त्याला उलटून बोलणं म्हणजे तुमचा अपमान. तुम्ही मत दिलंत, ते चुकीचं आहे हे तुम्हाला उमगलं, आणि ते मागे न घेता तुम्ही निघून गेलात. एखादा कनिष्ठ डॉक्टर असं वागला असता तर तुम्ही त्याला दवाखान्यात उभं केलं नसतंत.

संग्राम पलटणीत परत गेला. त्यानंतर एका सकाळी मनीषा सईला कडेवर घेऊन सांगलीला माझ्या खोलीत आली. दाताच्या डॉक्टरकडे जाते असं घरी सांगून एस.टी.नं आली होती.

"साताऱ्यास्नं येताना मामंजींशी तुमी बोलला हुता म्हणं. त्येंनीच मला सांगितलंवतं. म्हणाले, ती बायडी काय म्हणती ते एकदा ऐकून यायला पायजे. पर कवा, ते न्हाई सांगितलं."

हे ऐकून मी काही वेळ कपाटात ठोकळे शोधत राहिले. तुम्ही तिला सांगितलंत. काकूंना नाही, मुलाला नाही. घरात ज्याचं कुणी ऐकणार नाही अशा एकाच माणसाला सांगितलंत.

कान, डोळे, रक्ताच्या तपासण्या सगळं करून घेतलं. काही निघालं नाही. मग चटईवर ठोकळे मांडले आणि दोघींना खेळू दिलं. थोड्या वेळानं मी मनीषाला बाहेर जायला सांगितलं. दार लागलं. सईनं दाराकडे पाहिलं नाही. ती उठली आणि माझ्या मांडीवर येऊन बसली, जणू मी तिची नेहमीची जागा. मनीषा परत आली. सईनं मान वर केली, आई दिसली, आणि ती हातातल्या पिवळ्या ठोकळ्याकडे वळली.

मनीषानं ते पाहिलं. आईला दाखवायला लागत नाही.

"मला वळखती का ओ ती?"

"ओळखते. पण तुमच्याकडे आलं तर तुम्ही असाल, याची तिला खात्री नाही."

"मला तरी माझी कुठं हाय?" ती म्हणाली. तिच्या आजाराची इतकी अचूक नोंद मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी तिला माझ्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. टॉनिक बंद झालं, औषध सुरू झालं.

घरी अर्थात कळलं. काकू माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. तरी आंघोळ आणि जेवण त्यांनी मनीषाच्या हाती दिलं. "तुझी पोरगी, तू बघ" असं फणकाऱ्यानं का होईना. निजवण्याचं मात्र निघालं की त्या उठून जायच्या. मला कारण माहीत होतं. तुम्ही गेल्यापासून पलंगावर तुमच्या बाजूला त्या सईला घेऊन झोपत होत्या. त्या बाईला हे सोडा म्हणून सांगायचं धैर्य ना मनीषात होतं, ना माझ्यात. तुमची बाजू आधीच रिकामी झालेली, ती पुन्हा रिकामी करा असं कसं सांगणार?

पुढच्या आठवड्यांत सई बदलू लागली. दूधवाल्याकडे जायची, ती जाईना. शेजारच्या काकींना पाहून मनीषाच्या साडीत तोंड खुपसू लागली. मनीषा मोरीत गेली तरी दाराशी बसून रडू लागली. मी खूश होते. तुमच्या घरात हाहाकार माजला.

गेल्या सोमवारी काकू स्वतः आल्या. मनीषा आणि सई मागून. खुर्चीवर बसायच्या आधीच सुरू झाल्या.

"काय केलंस गं पोरीला? काल सरपंचबाई आल्या, हात केला, तर हिनं भोकाड पसरलं. अगं, खाली मान घालायची पाळी आली माझ्यावर. एवढी गुणाची पोर, कुणाकडं म्हणून जाईना झालीया. जरा मनीषा नजरंआड झाली की घर डोक्यावर घेती. ह्येला बरं करणं म्हणतात का बिघडवणं?"

मी म्हणाले, काकू, थोडा वेळ बसा आणि फक्त बघा. मनीषाला पाणी आणायला बाहेर पाठवलं. दार लागायच्या आत सईच्या हातातला ठोकळा पडला. ती दारावर जाऊन आपटली, दोन्ही हातांनी दार बडवू लागली, "वैनी! वैनी!" काकू गुडघ्यांवर हात देऊन उठल्या, तिला उचललं, सईनं अंग ताठ केलं आणि त्यांच्या हातांतून निसटली. मनीषा आली. सई तिच्या अंगावर चढली, मानेत तोंड घातलं, आणि हुंदके देत देत गप्प झाली. दुसऱ्या कुणाच्या हातात ती अशी गप्प झालेली त्या खोलीतल्या कुणीच पाहिलेली नव्हती.

काकू त्यांच्याकडे बघत परत खुर्चीवर टेकल्या.

"ह्ये चांगलं म्हणायचं?"

"हो."

"आणि आदी हुतं ते?"

"ते चांगलं नव्हतं, काकू."

"मग ह्यांना कसं दिसलं न्हाई? साऱ्या तालुक्याची पोरं ह्यांच्या हाताखालनं गेली." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "की दिसलंवतं?"

तुम्हाला वाचवणं सोपं होतं. शास्त्र नवं आहे, तुमच्या वेळी हे शिकवत नव्हते, एवढं म्हटलं की झालं असतं. मनीषा सईच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहत होती.

"दिसलं होतं," मी म्हणाले. "सईचा ओठ फुटला त्या दिवशी मी तिथं होते. त्यांनी पाहिलं. साताऱ्याहून येताना पुढं काय होतं, तेही विचारलं."

"मला न्हाई सांगितलं."

"नाही."

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. रडल्या नाहीत. मग उठल्या, पिशवी घेतली आणि दारात थांबून मनीषाला म्हणाल्या, "आजपासनं तिला तुझ्याजवळ निजव."

"आणि तुमी, आत्ती?"

"मला कुठं झोप लागतीया."

त्या तिघी स्टँडकडे गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. दिसलं ते घरात बोलायचं, एवढंच होतं, काका. एवढंच तुम्ही करायचं होतं.